‘नोंद घेतली’ : हरकतींच्या गद्याचे एक वाचन

२०१३ सालच्या मार्च महिन्यात पुणे महापालिकेने शहराच्या जुन्या हद्दीसाठी तयार केलेल्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना दाखल झाल्या. वाङ्मयाच्या वार्षिक आढाव्यात या ८७ हजार मजकुरांचा विचार होण्याचे काही कारण नाही, असे कुणीही म्हणेल. ते साहित्य नाही, कागदपत्रे आहेत, हे उत्तर तयारच असते. मला ते अपुरे वाटते. एका शहरातली इतकी माणसे एकाच वेळी कागद घेऊन बसतात आणि घरासमोरच्या रस्त्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, शेजारच्या मोकळ्या जागेबद्दल सत्तेला उद्देशून लिहितात, तेव्हा त्या लेखनाला एक घडण असते. त्याला परंपरा असते. त्या लेखनाचे यशापयशही बऱ्याच अंशी त्या घडणीवर ठरते. घडण तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

या लेखासाठी मी ओळखीच्या लोकांनी जपून ठेवलेल्या फायली वाचल्या. त्यांत हरकतींच्या पोचपावत्या आहेत, क्षेत्रीय कार्यालयाला दिलेली निवेदने आहेत, माहिती अधिकारातले अर्ज आहेत आणि त्यांना आलेली उत्तरे आहेत. हे सगळे खासगी कागद असल्याने त्यांतली वाक्ये इथे उद्धृत करीत नाही. वाक्यांची ठेवण तेवढी सांगतो. ही ठेवण इतकी सार्वत्रिक आहे की वाचकाच्या स्वतःच्या कपाटातल्या फायलीतही ती सापडेल.

अर्जाचा वंश

पुण्यात नगरपालिका आली १८५७ साली. ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नगरपालिकेच्या स्थापनेनंतर अकरा वर्षांत हे शहर मराठी गद्याचा स्वतंत्र विषय झाले होते. पुढच्या दोनच वर्षांत, १८७०मध्ये, सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि शहर लेखनाचा कर्ताही झाले. सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारकडे अर्ज करणाऱ्याने आपण कुणाच्या वतीने बोलतो आहोत ते आधी कागदावर सिद्ध करायचे, असा तिचा अर्थ. सभेवर सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांचा वरचष्मा होता हे खरेच. पण ‘आम्ही’ हा शब्द फुकट वापरायचा नाही, एवढी शिस्त तिने घालून दिली.

दुसरा धागा महात्मा फुले यांचा. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते आणि त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. बत्तीस सदस्यांपैकी एकट्या फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचे म्हणणे होते. नागरी हरकतीचा नमुना म्हणून मी या घटनेकडे पाहतो. या हरकतीत रक्कम आहे, ती कोण खर्च करणार हे आहे, आणि त्याऐवजी काय करावे हेही आहे. हरकतीला लागणारी सगळी सामग्री एवढीच. हजार रुपयांचा प्रस्ताव पुढे मंजूर झाला, पण आज एकशे पंचेचाळीस वर्षांनी आपल्याला मंजुरी आठवत नाही, हरकत आठवते.

पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणि एका माणसाची नेमकी हरकत, असे दोन वारसे आपल्याकडे आहेत. आजच्या अर्जांत यांपैकी काय उरले आहे?

हरवलेला कर्ता

शासकीय मराठीवर टीका करायची म्हटले की आपण शब्दांकडे बोट दाखवतो. १९६०मध्ये भाषा संचालनालय आले, १९६४चा राजभाषा अधिनियम आला, पदनामांचे आणि व्यवहाराचे कोश निघाले, आणि त्यांतून संस्कृताने जड झालेली भाषा कार्यालयांत शिरली, ही तक्रार जुनी आहे. मला ती दुय्यम वाटते. ‘कार्यवाही’ आणि ‘अंमलबजावणी’ हे शब्द आता रिक्षावाल्यालाही कळतात. मुख्य अडचण व्याकरणाची आहे. या गद्यातून कर्ता निघून गेला आहे.

कार्यालयाकडून येणाऱ्या उत्तराचे क्रियापद बहुधा ‘करण्यात येईल’ असते. कधी ‘घेण्यात आली आहे’, कधी ‘प्रस्तावित आहे’. कर्मणी आणि भावे प्रयोग मराठीत पूर्वापार आहेत आणि त्यांत वावगे काही नाही. पण ‘दुरुस्ती करण्यात येईल’ या वाक्याला ‘कोण करील?’ असा प्रश्न विचारून पाहा. वाक्य गप्प राहते. ‘कधी?’ विचारा, तरी गप्प राहते. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ आणि ‘नियमानुसार’ ही दोन क्रियाविशेषणे तिथे पहाऱ्याला उभी असतात.

विशेष म्हणजे हेच व्याकरण रहिवाशानेही उचलले आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू होणाऱ्या त्याच्या अर्जात रस्त्याची ‘दुरवस्था झालेली’ असते, पाणी ‘कमी दाबाने येत’ असते, चौकात ‘वाहतूक कोंडी होत’ असते. कुणी काही केलेले नसते, सगळे आपोआप होत असते. हाच माणूस कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहिला की त्याच्या बोलण्यात कर्ता परत येतो. कुणी खोदले, कोणत्या महिन्यात खोदले, डांबर टाकून आठ दिवस झाले नाहीत तोच पुन्हा कुणी फोडले, हे तो तारीखवार सांगतो. बोलताना जिवंत असलेली साक्ष लिहिताना निवेदन होते. निवेदन हा शब्दच पाहा. त्यात सांगणे आहे, विचारणे नाही.

याला एक प्रामाणिक कारणही आहे. शहरातला कर्ता खरोखरच विभागलेला असतो. पुण्यातला एखादा चौक घ्या. रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा. त्याखालची जलवाहिनी पाणीपुरवठा विभागाची, मैलावाहिनी मलनिःसारण विभागाची, विजेची केबल महावितरणची. एकेरी वाहतुकीचा आदेश काढणार वाहतूक पोलीस आणि ते राज्याच्या गृह खात्याच्या अखत्यारीत. बस २००७मध्ये स्थापन झालेल्या पीएमपीएमएलची. डोक्यावरून मेट्रो जात असेल तर ती एका मार्गावर महामेट्रोची, दुसऱ्या मार्गावर २०१५मध्ये आलेल्या पीएमआरडीएची. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२०च्या जुलैत पाडला गेला. तो बांधला एका यंत्रणेने, तो पाडण्याचे कारण ठरलेला मेट्रो मार्ग दुसऱ्या यंत्रणेचा, आणि त्या काळातली कोंडी सोडवणारे शिपाई तिसऱ्या यंत्रणेचे. अशा चौकाबद्दल अर्ज लिहायला बसलेला माणूस ‘होत आहे’ असे लिहितो, तेव्हा तो भित्रा असतोच असे नाही. कर्ता कोण हे शोधण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

म्हणूनच २००५च्या माहिती अधिकार कायद्याने मराठी अर्जाच्या भाषेत घडवलेला बदल मला मोठा वाटतो. याच फायलींमधला माहिती अधिकाराचा अर्ज हाती घेतला की गद्याचा सूर बदललेला जाणवतो. विनवणी गेलेली असते. कामाचा आदेश कोणत्या तारखेचा, ठेकेदार कोण, देयकावर सही कोणाची, दोषदायित्वाचा कालावधी किती, असे एकाखाली एक प्रश्न येतात. जो माणूस निवेदनात ‘दुरवस्था झाली’ लिहितो, तोच इथे कर्त्याचे पदनाम मागतो. भाषा तीच, माणूसही तोच. बदलला फक्त लेखनप्रकार, आणि त्यामागे उभा असलेला हक्क. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना थेट फायली पाहू देण्याची पद्धत सुरू केली होती. ज्यांनी त्या वेळात फायली वाचल्या, त्यांच्या नंतरच्या अर्जांत फरक दिसतो. वाचन वाढले की लेखन सुधारते, हे आपण लेखकांना सांगतो. ते अर्जदारांनाही लागू आहे.

‘करदाते नागरिक’ म्हणजे कोण?

दोष केवळ कार्यालयाकडे आहे असे दाखवले तर हे वाचन एकतर्फी होईल. रहिवाशांच्या गद्यातही एक खोट आहे आणि ती सर्वनामात दडलेली आहे.

अर्जाच्या शेवटी लिहिणारा स्वतःला काय म्हणवतो ते मी फायलींतून टिपत गेलो. ‘आम्ही खालील सह्या करणारे’, ‘परिसरातील रहिवासी’, ‘ज्येष्ठ नागरिक’, ‘सोसायटीचे सभासद’ आणि सर्वांत अधिक भरवशाने लिहिलेले ‘करदाते नागरिक’. मिळकत कर भरणारा म्हणून मला विचारा, असा त्याचा अर्थ. मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? सकाळी दोन बस बदलून त्याच गल्लीत चार घरची धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईचे काय? रस्ता ती रोज वापरते. पदपथ नसल्याची झळ तिला अधिक बसते. पण ती त्या सर्वनामात मावत नाही. मुखत्यारपत्राची जुनी अट ‘आम्ही’ला हिशेब मागत होती. आजचा ‘आम्ही’ पावतीच्या आधारावर उभा आहे.

वाहतुकीच्या अर्जांत हे अधिक ठळक होते. ‘कोंडी’ या शब्दात कोंडला गेलेला कोण, हे गृहीत धरलेले असते. तो गाडीतला असतो. थांब्यावर चाळीस मिनिटे ताटकळणाऱ्याची कोंडी या शब्दात येत नाही. ‘अतिक्रमण’ हा शब्द भाजीच्या हातगाडीसाठी सहज लिहिला जातो. तिच्या दुप्पट जागा अडवून दिवसभर उभ्या असलेल्या मोटारीसाठी ‘पार्किंगची समस्या’ असा शब्द येतो. एकाच रस्त्यावरच्या दोन गोष्टी, पण एकीला गुन्ह्याचे नाव आणि दुसरीला गैरसोयीचे.

२०१८च्या मार्चमध्ये पुण्याच्या सर्वसाधारण सभेपुढे सशुल्क पार्किंगचे धोरण आले, तेव्हा या शब्दांची कसोटी लागली. सार्वजनिक रस्त्यावर खासगी वाहन उभे करायचे तर जागेचे मोल द्यावे, असे त्या धोरणाचे सूत्र. विरोध इतका झाला की सभागृहाने ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते मंजूर केले आणि पुढे तेही वर्षानुवर्षे अमलात आले नाही. कोंडीबद्दल सर्वाधिक लिहिणारे शहर कोंडीच्या एका कारणाला हात लागताच हरकत घेऊन उभे राहिले. मला यात ढोंग दिसत नाही. हरकतीचा साचाच माणसाला स्वतःच्या दारापुरते पाहायला शिकवतो, एवढे दिसते. आपल्या रस्त्यावरची वाहतूक पलीकडच्या रस्त्यावर वळवा, असे सांगणाऱ्या अर्जाला पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाची गाठच पडत नाही. दोघेही स्वतंत्रपणे त्याच खिडकीशी अर्ज देऊन घरी जातात.

सर्व्हे नंबर नसलेला माणूस

हा साचा कायद्यातून आला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. ती सध्या तीस दिवसांची आहे. मग कलम २८ खालची नियोजन समिती येते. तिच्यात महापालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. ही समिती हरकतदाराचे म्हणणे ऐकते आणि अहवाल देते.

कागदावर हे उदार आहे. प्रत्यक्षात काय होते, त्याचा साधा हिशेब करून पाहू. ८७ हजार हरकतींपैकी प्रत्येकीला फक्त पाच मिनिटे दिली तरी सव्वासात हजार तास होतात. रोज आठ तास सुनावणी घेतली तर नऊशे दिवस, म्हणजे एकही सुट्टी न घेता अडीच वर्षे लागतील. सुनावण्या उरकाव्या लागतात, हे उघड आहे. हरकतदाराला बोलायला मिळणारा वेळ आपला पत्ता, पेठ किंवा सेक्टर, सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक सांगण्यात संपतो.

‘सर्व्हे नंबर’ हा या प्रक्रियेतला सर्वांत बलवान शब्द आहे. ज्याच्या जमिनीवर उद्यानाचे आरक्षण पडले त्याच्याकडे तो असतो. त्याची हरकत नेमकी असते, तिला वकील असतो, आणि कायदाही त्याला पुढचे दरवाजे दाखवतो. ठरावीक काळात जमीन संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली नोटीस देऊन आरक्षण रद्द झाल्याचा दावा करता येतो. याउलट त्या उद्यानाची वाट पाहणारी, शेजारच्या चाळीतली शंभर मुले कोणत्या सर्व्हे नंबरवर हरकत घेणार? त्यांचा त्या जमिनीशी संबंध वापराचा आहे, मालकीचा नाही. वापराला या गद्यात व्याकरण नाही.

काळाचेही तसेच. पुण्याच्या १९८७च्या विकास आराखड्यात सुमारे छत्तीस किलोमीटरचा एक वर्तुळाकार उच्च क्षमता मार्ग आखलेला आहे. तो अजून झालेला नाही. त्याच्या रेषेखाली घर असलेल्या माणसाचा नातू आज तीस दिवसांच्या मुदतीत हरकत लिहितो. आराखडा तीन पिढ्या चालतो आणि बोलायची मुदत मात्र महिन्याची. २०१३च्या मसुद्याचेही पुढे काय झाले ते पाहावे. २०१५मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून स्वतःकडे घेतला, तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली, आणि जानेवारी २०१७मध्ये आराखडा मंजूर झाला. ८७ हजार मजकूर ज्याला उद्देशून लिहिले होते, तो वाचकच मध्ये बदलला.

तरीही हरकतींचा काही उपयोग होत नाही, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या २०३४च्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये आला. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, चुकीच्या नोंदी आणि वगळलेल्या वारसावास्तू लोकांनी एकेक करून दाखवल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा मे २०१६मध्ये आला, मंजुरी २०१८मध्ये मिळाली. तिथे यश मिळाले ते नेमकेपणाला. अमुक पानावर, अमुक रस्त्यावर, अमुक चूक. फुल्यांच्या हरकतीची घडण याच जातीची होती.

ग्रामसभेतून खिडकीकडे

या विषयाचा सर्वांत बोचरा भाग शहराच्या कडेला आहे. २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस अशी चौतीस गावे पुणे महापालिकेत आली. विलीनीकरणाच्या चर्चेत पाणी, कर आणि रस्ते यांवर भरपूर लिहिले गेले. एक गोष्ट मात्र फारशी कुणी मोजली नाही. ग्रामपंचायत गेली तेव्हा ग्रामसभाही गेली.

ग्रामसभेचे वास्तव मी रंगवून सांगत नाही. सरपंचाच्या गटाने कोरम जमवायचा, वहीवर नंतर सह्या घ्यायच्या, दलित वस्तीचा प्रश्न शेवटी घ्यायचा, हे सगळे तिथे चालते. तरी कायद्याने वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. शंभर माणसे किंवा पंधरा टक्के मतदार, यांतली कमी असलेली संख्या जमली की सभा भरते. तिथे उभ्या राहिलेल्या बाईला सर्व्हे नंबर सांगावा लागत नाही. मतदार असणे पुरते. टँकर का आला नाही हे ती विचारते, तेव्हा ज्याने उत्तर द्यायचे तो समोर बसलेला असतो आणि बाकीचे ऐकत असतात. प्रश्न आणि उत्तर एकाच जागी, एकाच वेळी, साक्षीदारांसमोर घडते.

तीच बाई एका सकाळी महापालिकेची नागरिक होते आणि तिच्या हातात अर्जाचा कागद येतो. क्षेत्रीय कार्यालय दुसऱ्या टोकाला, खिडकीत पोचशिक्का, उत्तर टपालाने आले तर आले. त्यात मार्च २०२२मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. म्हणजे २०२१मध्ये आलेल्या गावांनी ग्रामसभा गमावली आणि नगरसेवक मिळण्याआधी सभागृहही बंद झाले. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला होता. त्यांनी अखेर महापालिकेतून बाहेर पडण्याचा मार्ग धरला आणि २०२४मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पाणी आणि कर ही त्याची उघड कारणे. बोलण्याची जागा हरवल्याचे कारण कागदावर लिहिलेले नसते, पण मी ते त्या यादीत धरतो.

शहरासाठी असे काही करावे हे कायदेकारांना सुचले नव्हते असेही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. २००९मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरापुरती, मतदारांची सभा. तरतूद पुस्तकात आहे, पण शहरात क्षेत्रसभा रुजली नाही. पुण्याने २००६पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची सोय दिली, तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण तिचा अर्ज पाहिला की मर्यादा लक्षात येते. काम पाच लाखांच्या आतले हवे. मग बाक, दिवे, पेव्हर ब्लॉक, बसथांब्याचे छप्पर एवढेच सुचवता येते. या रस्त्यावर बसला स्वतंत्र मार्गिका द्या किंवा या टेकडीवर बांधकाम नको, हे त्या चौकटीत मावत नाही. अर्जाच्या रकान्यांनी नागरिकाची कल्पनाशक्ती पाच लाखांवर थांबवली आहे.

गोव्यात वेगळे घडले होते. २००६मध्ये अधिसूचित झालेला गोव्याचा प्रादेशिक आराखडा लोकविरोधामुळे २००७च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१च्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिआ यांच्या नेतृत्वाखालील कृतिदलाने गावोगावचे नकाशे लोकांपुढे ठेवण्याची पद्धत अवलंबली. पुढे त्या आराखड्यावरही वाद झालेच. पण नकाशा गावकऱ्यांच्या समोर मधोमध पसरला की बोलणे एकट्याच्या सर्व्हे नंबरवरून सगळ्यांच्या पाणवठ्याकडे वळते, हे तिथे दिसले.

उत्तराचे गद्य

आपली राजकीय कादंबरी मंत्रालयाच्या जिन्यात रमली. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांनी सत्तेचा तो मजला मराठी वाचकाला दाखवला. क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीपाशी आपले गद्य फारसे थांबले नाही. सामान्य माणसाची सत्तेशी गाठ मात्र तिथेच पडते. तिथे पडून असलेल्या संवादाची एक बाजू भरगच्च आहे आणि दुसरी जवळजवळ कोरी. नागरिक लिहितो, कार्यालय ‘नोंद घेते’. ‘नोंद घेतली’ हे उत्तर नाही. ती पोच आहे. त्यात मान्य की अमान्य हे नाही. अमान्य असे सांगितलेच तर का, हे नाही.

म्हणून या वाचनाचा निष्कर्ष मी एका मागणीत सांगतो. बोलायला आणखी व्यासपीठे हवीत, त्याआधी उत्तर सकारण हवे. यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४मध्ये, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयांची कारणे द्यावीत, असे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधन आहे. महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत, असेही तेच कलम सांगते. विकास आराखडा, रस्त्याची एकेरी वाहतूक, पाण्याचे वेळापत्रक यांहून अधिक माणसांवर परिणाम करणारे निर्णय महापालिका कोणते घेते?

अधिकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हजारो हरकती छापील नमुन्यावरच्या असतात, अनेक हितसंबंधीयांनी भरून घेतलेल्या असतात. प्रत्येकीला कारणे लिहीत बसलो तर काम केव्हा करायचे? उत्तर असे की सारख्या हरकतींना एकच उत्तर पुरेल. हजार जणांनी एकाच टेकडीबद्दल लिहिले असेल तर टेकडीबद्दल एक परिच्छेद लिहावा: निर्णय काय, कोणी घेतला, कोणत्या कारणाने, आणि कोणता पर्याय का नाकारला. हरकतींचा सारांश आणि समोर हे परिच्छेद, असे पुस्तक आराखड्याबरोबर मराठीत प्रसिद्ध व्हावे. मग पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस अलीकडच्या माणसाची हरकत वाचील. दोघांना परस्परांची अडचण प्रथमच कळेल. कदाचित ‘करदाते नागरिक’ लिहिताना एखाद्याचा हात थबकेल.

असे गद्य लिहिणे अवघड आहे, कारण त्यात कर्ता लपवता येत नाही. ‘समितीने बहुमताने ठरवले, कारण रस्ता अठरा मीटर केला तर चाळीस घरे जातात’ असे वाक्य लिहिणाऱ्याला त्या चाळीस घरांचा आकडा आधी काढावा लागतो, आणि तो चुकला तर लोक दाखवून देतात. कारणे देण्याची सक्ती ही विचार करण्याची सक्ती आहे. मराठीला प्रशासनाची भाषा करण्याचे काम आपण साठ वर्षे परिभाषेच्या अंगाने केले. संज्ञा आता पुरेशा आहेत. उरले आहे ते ‘कारण’ या उभयान्वयी अव्ययाने जोडलेले उपवाक्य.

पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकत लिहिणाऱ्यांनी ती फुल्यांच्या घडणीने लिहावी: रक्कम, कर्ता, पर्याय. सह्या गोळा करताना त्या गल्लीत राहणाऱ्यांइतक्याच तिथे रोज कामाला येणाऱ्यांच्याही घ्याव्यात. आणि शेवटच्या ओळीत ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ याऐवजी ‘माझे म्हणणे अमान्य केल्यास कारणे लेखी कळवावीत’ एवढे लिहावे. या वाक्यामागे कायदा उभा आहे. ‘नोंद घेतली’ एवढ्याने त्याला उत्तर होत नाही.